रायफल २०१९ मध्ये, रात्रीचा डोळा २०२५ मध्ये: संरक्षण खरेदी परिषदेस खुले पत्र

माननीय संरक्षण मंत्री, भारत सरकार,
आणि संरक्षण खरेदी परिषदेचे सर्व माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या मंत्रालयाने ७.६२ बाय ५१ मिलिमीटरच्या असॉल्ट रायफलींसाठी रात्री नेम धरण्याच्या दुर्बिणी घेण्याचा ६५९.४७ कोटी रुपयांचा करार केला. नुसत्या चांदण्यांच्या उजेडात ५०० मीटरपर्यंत नेम धरता येईल अशी ही दुर्बीण आहे आणि तिच्यातला ५१ टक्क्यांहून अधिक भाग देशी आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. त्याच संध्याकाळी मी वर्तमानपत्रांची जुनी कात्रणे काढली. याच रायफलींपैकी पहिल्या ७२,४०० रायफलींचा करार फेब्रुवारी २०१९ मध्ये झाला होता. म्हणजे रायफल आणि तिचा रात्रीचा डोळा यांच्यामध्ये सहा वर्षे आठ महिने गेले. याच काळात, १५ जून २०२० च्या रात्री, गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. त्या रात्री अमुक वस्तू असती तर तमुक टळले असते, असा दावा मी करणार नाही, कारण तो करण्याचा मला अधिकार नाही. सीमेवरचे निर्णायक प्रसंग काळोखात घडतात, एवढेच मला त्यावरून म्हणायचे आहे.

रायफलीवरच्या दुर्बिणीचा प्रश्न उशिरा का होईना मार्गी लागला. माझे म्हणणे तिच्याहून लहान वस्तूविषयी आहे. सेक्शनमधल्या, म्हणजे दहा जणांच्या तुकडीतल्या, दर दोन-तीन जवानांमागे एक असा, खिशात मावणारा, साध्या सेलवर रात्र काढणारा आणि फुटला किंवा हरवला तरी कोणाच्या नोकरीवर गदा येऊ नये इतक्या किमतीचा रात्रीचा कॅमेरा मी माझ्या उभ्या नोकरीत कोणत्याही पोस्टवर पाहिला नाही. तो आता देशात बनू शकतो. आपली खरेदीची रीत जशी आहे तशी राहिली, तर तो बनला तरी जवानापर्यंत पोहोचणार नाही, हे निवृत्तीनंतरच्या वर्षांत मी स्वतः अनुभवले आहे. म्हणून हे पत्र, आणि ते खुले, कारण ज्यांची मुले त्या पोस्टवर उभी आहेत त्यांनीही ते वाचावे.

मी लष्कराच्या इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या शाखेतून, म्हणजे आमच्या बोलीतल्या ई.एम.ई.मधून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस फौजेत असतो आणि माझा सख्खा पुतण्या आज पायदळात उत्तर सीमेवर आहे. २८ वर्षांच्या नोकरीतली बहुतेक वर्षे मी वर्कशॉपच्या टेबलावर बसून दुर्बिणी, साइट आणि अंगाची ऊब पाहणारे थर्मल इमेजर उघडण्यात घालवली. ज्याला आम्ही एचएचटीआय म्हणतो त्या हातात धरायच्या थर्मल इमेजरचे स्क्रू मी डोळे मिटूनही ओळखू शकेन.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोणते युनिट, कोणती पोस्ट, कोणते साल, हे लिहिणार नाही, कारण त्यात कोणा एकाचा दोष नव्हता. हिवाळ्याचे दिवस होते. एका पोस्टवरची इमेज इंटेन्सिफायरची, म्हणजे मंद उजेड वाढवून दाखवणारी, दुर्बीण दुरुस्तीसाठी माझ्याकडे आली. आतली ट्यूब गेली होती आणि बदली ट्यूब कधी येईल हे कोणी सांगू शकत नव्हते. मी दुर्बिणीला चिठ्ठी बांधली, ‘स्पेअर उपलब्ध नाही’. पोस्टवर उरलेली एकमेव दुर्बीण पहारेकऱ्याकडे होती, ती पेट्रोल पार्टीला, म्हणजे गस्तीच्या तुकडीला, देता येत नव्हती. चार-पाच दिवसांनी, अमावास्येच्या आगेमागे, पेट्रोल पार्टी दुर्बिणीविना निघाली आणि कड्याची धार न दिसल्यामुळे एक जवान खाली नाल्यात कोसळला. तो वाचला, पण पाठीचा कणा मोडला. आज तो चाकाच्या खुर्चीत बसून गावी किराणा दुकान चालवतो. दर दिवाळीला आम्ही फोनवर बोलतो. त्याने त्या दुर्बिणीचा विषय एकदाही काढलेला नाही. मला मात्र त्या चिठ्ठीवरचे अक्षर अजून दिसते, कारण ते माझे होते.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार वस्तू कुलपात राहण्याची आहे. महाग वस्तू थोड्या येतात, थोड्या असतात म्हणून जपल्या जातात, आणि जपायच्या म्हणजे कोतात, शस्त्रागारात, कुलूपबंद ठेवल्या जातात. दुर्बीण फुटली किंवा दरीत पडली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, जबाब होतात, कोणाच्या तरी नावावर ठपका येतो. अशा वेळी कंपनी हवालदार मेजरने ती नवख्या जवानाच्या हाती देऊ नये यात त्याचा काय दोष? मी उघडलेल्या कितीतरी दुर्बिणी अशा होत्या की त्यांच्या आयकपवर, म्हणजे डोळ्याला टेकणाऱ्या रबरी वाटीवर, वापराचा साधा ओरखडा नव्हता, पण बॅटरीच्या कप्प्यात सेल तसेच राहून स्प्रिंगवर हिरवा गंज चढला होता. वापरून बिघडलेली वस्तू दुरुस्त करताना हाताला समाधान असते. न वापरता बिघडलेली वस्तू समोर आली की वाईट वाटते. यात सरावाचाही प्रश्न आहे. एका डोळ्याच्या दुर्बिणीतून खोली कळत नाही, पायाखालचा दगड आणि दहा पावलांवरचा खड्डा सारखेच दिसतात, त्यामुळे ती लावून चालण्याची सवय व्हायला कित्येक रात्री जाव्या लागतात. जी वस्तू फक्त गरजेच्या रात्री कुलपातून बाहेर येते तिची सवय कशी होणार?

दुसरी तक्रार गरजपत्रकाची आहे आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे. लष्कराला कोणती वस्तू किती गुणांची हवी हे ज्या कागदावर ठरते, तो गुणात्मक गरजांचा कागद एकदा मंजूर झाला की त्यातला एक आकडाही नंतर सहजासहजी हलत नाही. त्यामुळे लिहिणारा अधिकारी धोका नको म्हणून जगात जे जे उत्तम आहे ते सारे त्यात घालतो. द्रासची थंडी आणि जैसलमेरचे ऊन एकाच यंत्राने सोसायचे, जंगल, वाळवंट, बर्फ तिन्हीकडे सारखेच दिसायचे, आणि अंतर शक्य तितके जास्त. ऐकायला हे रास्त वाटते. त्याची किंमत काय पडते ते मी साध्या हिशेबाने दाखवतो.

अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही जगभर वापरला जातो. लक्ष्याच्या रुंदीवर साधारण दोन पिक्सेल पडले तर ‘तिथे काहीतरी आहे’ हे कळते, आठ पडले तर ‘तो माणूस आहे’ हे कळते आणि तेराच्या आसपास पडले तर त्याच्या हातात काय आहे याचा अंदाज येतो. आज मिळणाऱ्या लहान थर्मल सेन्सरचा एक पिक्सेल १२ मायक्रोमीटरचा असतो. त्याच्यापुढे ३५ मिलिमीटरचे भिंग लावले तर २०० मीटरवर एक पिक्सेल साधारण सात सेंटिमीटर जागा व्यापतो. अर्धा मीटर रुंदीचा माणूस धरला, तर तो ७०० मीटरवर ‘काहीतरी’ म्हणून दिसेल आणि १८० मीटरच्या आत ‘माणूस’ म्हणून ओळखता येईल. हीच अंतरे दुप्पट हवी असतील तर भिंगाची लांबी दुप्पट करावी लागते, उजळपणा तोच राखायचा तर व्यासही दुप्पट होतो, आणि मग भिंगातल्या जर्मेनियमचे वजन सुमारे आठपट होते. जर्मेनियम हे महाग मूलद्रव्य आहे. कागदावर १८० च्या जागी ३६० लिहायला एक सेकंद लागतो, पण तेवढ्याने खिशातला कॅमेरा गळ्यात अडकवायचे ओझे होतो आणि त्याची किंमत सेक्शनच्या आवाक्याबाहेर जाते.

दूरचे पाहायला आपल्याकडे लोरोससारखी मोठी यंत्रणा आहे. बटालियनच्या टेहळणी चौकीला ती हवीच, तिच्या खर्चाला माझी हरकत नाही. पण नाल्याच्या काठाने चालणाऱ्या दहा जणांच्या सेक्शनला दीड-दोनशे मीटरवरचा माणूस आणि पाच पावलांवरची धार दिसली तरी त्यांची रात्र बदलते. या दोन गरजा एकाच कागदावर लिहिल्या जाऊ नयेत, एवढे साधे हे म्हणणे आहे.

उलट ज्या गोष्टी लिहायला हव्यात त्या राहून जातात. अनकूल्ड, म्हणजे थंड न ठेवता चालणाऱ्या, थर्मल कॅमेऱ्याच्या आत एक बारीक पडदा असतो. सेन्सरवरचे हजारो बिंदू तापमान बदलले की आपापल्या जागेवरून किंचित ढळतात. त्यांना पुन्हा एका पातळीवर आणण्यासाठी हा पडदा काही मिनिटांनी एकदा क्षणभर समोर येतो आणि ‘टक्’ असा आवाज होतो. दिवसा वर्कशॉपमध्ये तो कानावरही येत नाही. दबा धरून बसलेल्या आठ माणसांच्या मधोमध, वारा पडलेल्या रात्री, तो आवाज केवढा होतो हे ज्याने ऐकले त्यालाच ठाऊक. तसाच प्रकार डोळ्याकडच्या भिंगातून गळणाऱ्या उजेडाचा. आयकप डोळ्याला नीट चिकटला नाही तर जवानाच्या गालावर हिरवट प्रकाश पडतो आणि समोरच्याकडे दुर्बीण असेल तर तो गाल त्याला दिव्यासारखा दिसतो. डोळा दाबल्यावरच उघडणारा रबरी झाकणाचा आयकप लावला की हे थांबते. मी पाहिलेल्या कागदांत अंतराचे आकडे पानभर होते, पण त्या ‘टक्’विषयी आणि त्या उजेडाविषयी एक ओळही नव्हती. रात्री पोस्टवर बसलेल्या हवालदाराला हा कागद लिहिताना शेजारी बसवले असते तर त्याने पहिल्या दहा मिनिटांत या दोन्ही गोष्टी सांगितल्या असत्या.

तिसरी तक्रार चाचण्यांची आहे, आणि ती माझ्या घरची आहे. निवृत्तीनंतर दोन तरुण इंजिनिअरांबरोबर आम्ही भोसरीत एक लहान शेड भाड्याने घेतली. अंधारात पाहणारा सिलिकॉनचा सेन्सर आणि लहान थर्मल सेन्सर अशा दोन डोळ्यांचा एक कॅमेरा आम्ही बनवला. पहिला सेन्सर आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जवळच्या इन्फ्रारेडमध्येही, सुमारे १.१ मायक्रोमीटरपर्यंत, पाहतो, त्यामुळे थोड्या चांदण्यात वाट, काटेरी तार, दगड दिसतात. दुसरा माणसाच्या अंगाची ऊब पकडतो, त्याला उजेड लागत नाही. दोन्ही स्वस्त आणि दोन्ही अपुरे, पण एकत्र आले की एकाचे उणे दुसरा भरून काढतो. कॅमेरा मुठीत मावत होता.

आम्हाला चाचणीचे बोलावणे आले, ते ‘खर्च नाही, बांधिलकी नाही’ या अटीवर. म्हणजे यंत्रे आमची, प्रवास आमचा, डोंगरावर माणसे पाठवायची ती आम्ही, यंत्र मोडले तर नुकसान आमचे, आणि अखेरीस खरेदी होईलच असे नाही. मोठ्या कंपनीला हा खर्च पेलतो. आम्ही तिसऱ्या फेरीसाठी एका भागीदाराच्या पत्नीचे दागिने गहाण ठेवले. चाचणी घेणाऱ्या हवालदाराने कॅमेरा ठरल्यापेक्षा एक रात्र जास्त ठेवून घेतला. परत दिला तेव्हा आमची नायलॉनची बारीक दोरी काढून त्याने त्या जागी बुटाची नाडी दुहेरी करून बांधलेली होती, कारण आमची दोरी जाड हातमोज्यात बोटांना लागत नव्हती. मला मिळालेला सर्वांत उपयोगी अभिप्राय तोच. कागदावरचा अभिप्राय अकरा महिन्यांनी आला आणि तो एका ओळीचा होता: ओळख पटण्याचे अंतर गरजेपेक्षा कमी. किती कमी, कोणत्या तापमानात, कोणत्या हवेत मोजले, हे त्यात नव्हते, त्यामुळे सुधारणा कोठे करायची हेही कळले नाही. ज्या कार्यालयातून तो कागद आला त्याचे नाव मी घेत नाही. तिथल्या माणसांनी नियमाबाहेर काही केले नव्हते. माझी तक्रार त्या नियमाविषयीच आहे.

आपण २०१८ मध्ये आयडेक्स योजना सुरू केली, लहान उद्योगांना दीड कोटी रुपयांपर्यंत आणि पुढच्या टप्प्यात दहा कोटींपर्यंत साहाय्य देण्याची सोय केली, २०२० मध्ये चाचणी केंद्रे उभारण्यासाठी ४०० कोटींची योजना आणली. ही पावले योग्य दिशेची आहेत आणि त्यांचे श्रेय मी मोकळेपणाने देतो. पण नमुना बनवायला पैसे मिळाले आणि नमुन्याच्या पुढची मागणी आली नाही, तर ती शेड दोन वर्षांत बंद पडते आणि शिकलेली पोरे हिंजवडीत दुसऱ्या देशाचे सॉफ्टवेअर लिहायला जातात.

चौथी तक्रार सर्वांत खोल आहे. आपण डबी बनवतो, पट्टा बनवतो, सर्किट बनवतो, पण डोळा बाहेरून आणतो. इमेज इंटेन्सिफायर ट्यूबच्या बाबतीत तरी पुण्याजवळ सरकारी मालकीचा कारखाना १९९० पासून आहे आणि तिथल्या कारागिरांनी हे अवघड काम हस्तगत केले आहे. ही ट्यूब बनवणे सोपे नाही. दोन काचांच्या मधली हवा पूर्ण काढून त्यात लाखो सूक्ष्म छिद्रांची चकती बसवायची, पुढच्या काचेवर प्रकाश लागताच इलेक्ट्रॉन सोडणारा अतिशय पातळ थर चढवायचा, आणि हे सारे साध्या सेलवर हजारो व्होल्ट तयार करून चालवायचे. थर्मल कॅमेऱ्याच्या डोळ्याबाबत, म्हणजे मायक्रोबोलोमीटरबाबत, मात्र आपण अजून परक्यांवर विसंबून आहोत. हे तंत्र अमेरिकेत १९८० च्या दशकात लष्करासाठी गुप्तपणे तयार झाले आणि १९९२ मध्ये ते खुले झाल्यावर फ्रान्स, इस्रायल, चीन, दक्षिण कोरिया अशा देशांनी आपापले सेन्सर बनवले. त्याला मोबाइलच्या चिपसारखी अतिसूक्ष्म कारागिरी लागत नाही. सिलिकॉनवर व्हॅनेडियम ऑक्साइडचे किंवा अमॉर्फस सिलिकॉनचे बारीक पूल उभे करायचे आणि ते निर्वात डबीत बंद करायचे. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरची उत्पादन रेषा आहे. सेन्सरचे संकेत वाचणारे सर्किट बनवायला तेवढी रेषा पुरते. सप्टेंबर २०२४ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्या संयुक्त निवेदनात इन्फ्रारेड चिप बनवणाऱ्या कारखान्याची घोषणा झाली. ती प्रत्यक्षात यावी आणि तिथला पहिला माल पायदळाच्या कॅमेऱ्यात जावा, अशी माझी इच्छा आहे.

हे तातडीचे का, ते गेल्या काही वर्षांनी दाखवून दिले आहे. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंची लहान ड्रोन रात्री नाण्याएवढ्या थर्मल कॅमेऱ्यांवर उडतात आणि ड्रोनबरोबर तो कॅमेराही नष्ट होतो. तिथे रात्रीचा डोळा काडतुसासारखा खर्ची पडणारा झाला आहे. त्यातले बरेच स्वस्त सेन्सर चिनी आहेत. आपण फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी भागांच्या कारणावरून ४०० ड्रोनचे करार रद्द केले, त्या निर्णयाचे मी पूर्ण समर्थन करतो. पण त्या दारावर कुलूप लावल्यानंतर देशी दार उघडावे लागेल, नाहीतर लहान उत्पादकाने सेन्सर आणायचा कोठून? चीनने १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. जर्मेनियम हे थर्मल भिंगाचे मुख्य द्रव्य आणि गॅलियम हे तिसऱ्या पिढीच्या इंटेन्सिफायर ट्यूबचे. ज्या शेजाऱ्याकडून रात्री सावध राहायचे त्याच्याच हाती आपल्या डोळ्यांचा कच्चा माल आहे. याला तोड आहे. चाल्कोजेनाइड काच साच्यात दाबून भिंगे बनवता येतात, तिच्यात जर्मेनियम कमी लागते, काही प्रकारांत लागतच नाही, आणि संख्या वाढली की किंमत झपाट्याने उतरते. कोलकात्याला काचेवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, देहरादूनला दृष्टियंत्रांची डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. या दोघांना आणि भिंगे घासणाऱ्या खासगी कारखानदारांना एका टेबलावर बसवून तारीख ठरवून देण्याचे काम फक्त आपणच करू शकता.

दुरुस्तीविषयी थोडक्यात सांगतो. युनिटच्या वर्कशॉपला यंत्र उघडण्याची परवानगी नसते, सुटे भाग नसतात, नकाशे कंपनीकडे असतात. आयकप फाटला म्हणून अख्खी दुर्बीण शेकडो किलोमीटर खाली पाठवलेली मी पाहिली आहे. आतल्या सिलिका जेलचा निळा रंग गुलाबी झाला की ओल शिरली हे आमच्या क्राफ्ट्समनलाही कळते. नवे जेल घालून नायट्रोजन भरायला त्याला अर्धा तास लागतो. तेवढे त्याला करू द्या.

माझ्या या मागणीवर एक आक्षेप येईल हे मला ठाऊक आहे: जवानाच्या जिवाचा प्रश्न असताना स्वस्तातली वस्तू कशी चालेल? आक्षेप घेणाऱ्याच्या हेतूविषयी मला आदर आहे. स्वस्त म्हणजे कच्ची, असे मी म्हणत नाही. पाण्यात बुडवून, उंचावरून टाकून, उणे तापमानात रात्रभर ठेवून तिची परीक्षा घ्या, त्यात एक गुणही सोडू नका. अंतराचा हट्ट तेवढा सोडा. थर्मललाही मर्यादा आहेत: दाट धुक्यात आणि मुसळधार पावसात तो आंधळा होतो, काचेपलीकडचे त्याला दिसत नाही, आणि पहाटे-संध्याकाळी जमीन आणि माणूस यांचे तापमान जवळ आले की चित्र फिके पडते. महाग यंत्रालाही या मर्यादा पूर्णपणे चुकत नाहीत. जुन्नर भागात बिबट्या शोधायला वनखाते थर्मल ड्रोन वापरते. जे तंत्र उसाच्या फडात पोहोचले, ते सीमेवरच्या सेक्शनपर्यंत पोहोचायला परदेशी दर्जाच्या आकड्यांची आडकाठी नसावी.

हा विषय नवा नाही, हेही आपल्याला ज्ञात आहे. १९९९ मध्ये तोलोलिंग आणि टायगर हिलचे चढ आपल्या जवानांनी रात्री चढले, कारण दिवसा वरून गोळी येत होती. मार्च २०१२ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांनी पंतप्रधानांना लिहिलेले पत्र बाहेर आले, त्यात पायदळाला रात्रीच्या लढाईची क्षमता नाही असे स्पष्ट म्हटले होते. त्यानंतरही २०१९ ची रायफल तिच्या रात्रीच्या दुर्बिणीविना आली. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला आणि त्या अमेठीत बनत आहेत. त्यांच्या बाबतीत तरी सहा वर्षे आठ महिने जाऊ नयेत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

यापुढे कोणत्याही वैयक्तिक शस्त्राच्या खरेदीचा प्रस्ताव परिषदेपुढे येईल तेव्हा त्याच्या रात्रीच्या दुर्बिणीचा प्रस्ताव त्याच फाइलमध्ये असावा, आणि तो नसेल तर फाइल परत पाठवावी.

सेक्शनच्या वापरासाठी रात्रीच्या लहान कॅमेऱ्याचा स्वतंत्र वर्ग करावा. त्याचे गरजपत्रक लिहिताना पोस्टवर रात्री काढलेले जवान आणि हवालदार समितीत असावेत. बर्फ, वाळवंट आणि जंगल यांसाठी वेगळे नमुने चालतील असे ठरवावे. कमाल वजन आणि कमाल किंमत आधी जाहीर करावी आणि त्या मर्यादेत जो जास्तीत जास्त चांगले दाखवेल त्याला निवडावे. आज अंतर ठरते आणि किंमत कितीही होते. निदान या एका वस्तूसाठी ती रीत बदलावी.

ठरावीक किमतीखालचे असे कॅमेरे लढाऊ वापरात खर्ची पडणारी वस्तू मानावेत आणि ते गमावल्यास कोर्ट ऑफ इन्क्वायरीविना नावावरून कमी करण्याचा अधिकार कमांडिंग ऑफिसरला द्यावा. हा अधिकार मिळाल्याशिवाय बाकीचे सगळे केले तरी कॅमेरा कोतातच राहील.

चाचणीला बोलावलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना प्रवासाचा, मुक्कामाचा आणि मोडलेल्या यंत्रांचा खर्च द्यावा. निकाल सहा महिन्यांत द्यावा, आणि मोजलेल्या सर्व आकड्यांसह द्यावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदी नियमपुस्तिकेत पाच वर्षांपर्यंतच्या मागणीची हमी देण्याची जी तरतूद आहे, ती या कॅमेऱ्यांना प्रथम लावावी.

देशी मायक्रोबोलोमीटर आणि दाबून बनवलेली चाल्कोजेनाइड भिंगे यांसाठी कालबद्ध कार्यक्रम जाहीर करावा, त्याची प्रगती दरवर्षी संसदेपुढे ठेवावी, आणि लष्कराने पहिला ग्राहक म्हणून किमान संख्येची खरेदी आधीच मान्य करावी. देशी भागाची टक्केवारी मोजताना सेन्सर किंवा ट्यूब कोठे बनली हा रकाना वेगळा ठेवावा.

प्रत्येक करारात सुटे भाग, नकाशे आणि युनिट वर्कशॉपमधल्या दुरुस्तीचे प्रशिक्षण ही सक्तीची अट असावी.

आमचा कॅमेरा निवडला जावा अशी मागणी या पत्रात नाही. आमच्याहून चांगला कोणी बनवला असेल तर त्याचा घ्या, मी त्याला आमची रेखाचित्रे फुकट देईन. आपण बोलावलेत तर स्वखर्चाने दिल्लीला येईन आणि बुटाची नाडी बांधलेला तो नमुनाही बरोबर आणीन. वर मांडलेल्या प्रत्येक मागणीवर होय किंवा नाही, आणि नाही असल्यास कारण, असे लेखी उत्तर मिळावे ही नम्र विनंती. ते मिळाले की जसेच्या तसे प्रसिद्ध करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार, ई.एम.ई.
जिल्हा सातारा